ऑटोस्केलिंग निवडण्याआधी घड्याळ लावा

नोंदणी सकाळी १० वाजता उघडणार होती. ९:५८ ला आमचे चारही वेब सर्व्हर निवांत होते, सीपीयू १२ टक्के. १०:०१ ला चारही १०० टक्क्यांना टेकले आणि लोड बॅलन्सर, म्हणजे येणाऱ्या रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटून देणारा, ५०३ ही ‘सेवा उपलब्ध नाही’ अशी चूक परत पाठवायला लागला. ऑटोस्केलिंग, म्हणजे भार बघून सर्व्हर आपोआप वाढवणं-कमी करणं, चालू होतं. नियम बरोबर होता, परवानग्या बरोबर होत्या. १०:०४ ला अलार्म वाजला आणि सहा नवे सर्व्हर मागवले गेले. ते कामाला लागले १०:०९ ला. मधल्या आठ मिनिटांत नोंदणीसाठी ताटकळलेल्यांपैकी बरेच जण हात हलवत परत गेले. त्या दिवशी ऑन-कॉल, म्हणजे बिघाड झाला तर बघायच्या पाळीवर, मी होते. डॅशबोर्डकडे बघत राहण्यापलीकडे मला काही करता आलं नाही, आणि ती आठ मिनिटं अजून आठवतात.

तेव्हापासून कुणी मला विचारलं, की टार्गेट ट्रॅकिंग (सीपीयूसारखा आकडा ठरलेल्या लक्ष्याजवळ राहील असे सर्व्हर वाढवणं-कमी करणं) लावू, शेड्यूल (ठरलेल्या वेळी वाढवणं) लावू, की सगळं कुबरनेटिसवर (कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीवर) नेऊ, तर मी आधी एकच प्रश्न विचारते: लोड वाढल्यापासून तुमचा नवा सर्व्हर पहिली खरी रिक्वेस्ट पुरी करेपर्यंत किती सेकंद जातात? बहुतेकांकडे हा आकडा नसतो. तो हाताशी नसताना ऑटोस्केलिंग लावणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्याची व्यवस्था करून ठेवणं. विहीर खणली जाते, पण पाणी लागेपर्यंत तहानलेला माणूस तिथे नसतो.

घड्याळ कसं मोजायचं

लोड वाढतो त्या क्षणी घड्याळ सुरू करा, मशीन सुरू होते तेव्हा नव्हे. त्या दिवसाचा आमचा हिशोब असा निघाला. मेट्रिक, म्हणजे सीपीयूसारखा मोजलेला आकडा, गोळा होऊन अलार्म वाजेपर्यंत ३ मिनिटं. मशीन बूट व्हायला ४० सेकंद. बूट झाल्यावर चालणारी स्क्रिप्ट पॅकेजेस उतरवून बसवत होती, त्यात ३ मिनिटं. ॲप्लिकेशन सुरू व्हायला ५० सेकंद. हेल्थ चेक, म्हणजे सर्व्हर ठीक आहे का याची तपासणी, सलग पास होऊन लोड बॅलन्सरने ट्रॅफिक द्यायला ३० सेकंद. एकूण ८ मिनिटं.

यातला प्रत्येक तुकडा वेगळा लिहून काढा, कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. ॲमेझॉनच्या ईसीटू या भाड्याच्या मशीनच्या सेवेवर साधं मॉनिटरिंग ५ मिनिटांच्या अंतराने आकडे देतं आणि तपशीलवार मॉनिटरिंग १ मिनिटाच्या. ते चालू केलं नसेल तर पुढची सगळी मेहनत शिळ्या आकड्यांवर उभी राहते. तिथल्या टार्गेट ट्रॅकिंगचा वाढीचा अलार्म साधारणपणे १ मिनिटाचे सलग ३ आकडे बघतो, म्हणजे ३ मिनिटं तिथेच गेली. बूट स्क्रिप्टचा वेळ मात्र पूर्ण आपल्या हातात आहे: पॅकेजेस आधीच बसवलेली इमेज, म्हणजे नवी मशीन जिच्यावरून उभी राहते ती प्रत, तयार ठेवा. आम्ही एवढं एकच केलं आणि आठाची पाच मिनिटं झाली. त्यानंतर आणखी उतरायचं असेल तर आधीच बूट करून थांबवून ठेवलेल्या मशीनचा साठा ठेवता येतो, ॲमेझॉन त्याला वॉर्म पूल म्हणतं.

शेवटचा तुकडा लोक विसरतात: गरम होणं. जावाचं ॲप्लिकेशन सुरू झालं म्हणजे लगेच पूर्ण वेगाने धावत नाही, चालता चालता कोड वेगवान करणाऱ्या जेआयटी कंपायलरला गरम कोड, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा भाग, ओळखायला वेळ लागतो. कॅशे (चटकन मिळावा म्हणून जवळ ठेवलेला डेटा) रिकामी असते, डेटाबेसची कनेक्शन्स जोडायची असतात. अशा सर्व्हरला पहिल्याच सेकंदाला पूर्ण वाटा दिला तर तो कोलमडतो आणि हेल्थ चेक त्यालाच आजारी ठरवून काढून टाकतो. लोड बॅलन्सरमध्ये हळूहळू वाटा वाढवायची सोय असेल तर वापरा.

आता या आकड्याचा उपयोग. समजा गेल्या काही महिन्यांत तुमचं ट्रॅफिक जास्तीत जास्त मिनिटाला ८ टक्क्यांनी वाढलंय आणि घड्याळ ५ मिनिटं आहे. म्हणजे मदत येईपर्यंत लोड ४० टक्के वाढलेला असेल. सीपीयू ८० टक्क्यांवर गेला की तुमचा प्रतिसाद बिघडतो असं लोड टेस्टमध्ये दिसलं असेल, तर ८० भागिले १.४, म्हणजे ५७. टार्गेट ५५ च्या आसपास ठेवा. कुणीतरी सांगितलं म्हणून ७० ठेवू नका. तुमचा आकडा तुमच्या घड्याळातून येतो.

आणि जर तुमचं ट्रॅफिक एका मिनिटात दहापट होणारं असेल, जसं आमचं होतं, तर कुठलंच टार्गेट तुम्हाला वाचवणार नाही. तिथे वेळ माहीत असते. शेड्यूल लावा, ९:४० ला सर्व्हर उभे करा, विषय संपला. फक्त टाइमझोन बघा. पुष्कळ ठिकाणी शेड्यूल मुळात यूटीसी, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ, धरतं, आणि चुकीच्या तासाला उभे राहिलेले वीस सर्व्हर मी पाहिले आहेत.

वेब सर्व्हर: मेट्रिक कोणतं, हाच खरा प्रश्न

ज्यांच्या पोटात काही साठवलेलं नाही, कुठलीही रिक्वेस्ट कुणीही घ्यावी, असे वेब आणि एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमना उत्तरं देणारे) सर्व्हर ऑटोस्केलिंगला सगळ्यात सोपे. यांना टार्गेट ट्रॅकिंग हीच माझी पहिली निवड: एक मेट्रिक, एक लक्ष्य, बाकी हिशोब क्लाउड करतं. पायऱ्यापायऱ्यांचे नियम, म्हणजे ६० ला दोन वाढव, ७५ ला चार वाढव, ८५ ला आठ वाढव, हे मी फक्त तेव्हा लिहिते जेव्हा लोड झटक्याने वाढतो आणि टार्गेट ट्रॅकिंग हळू पडल्याचं प्रत्यक्ष दिसलंय. त्या पायऱ्या पुढे कुणीतरी सांभाळाव्या लागतात, आणि वर्षभराने त्या कशावरून ठरवल्या होत्या हे कुणालाच सांगता येत नाही.

मेट्रिक निवडताना एकच गोष्ट विचारा: या सर्व्हरचं आधी काय संपतं? सीपीयू संपत असेल तरच सीपीयूवर स्केल करा. बाहेरच्या सेवेची वाट बघण्यात वेळ घालवणारा सर्व्हर सीपीयू २० टक्के दाखवत गुदमरतो, कारण त्याचे थ्रेड, म्हणजे एकेक रिक्वेस्ट हाताळणारे हात, संपलेले असतात. अशा ठिकाणी एका सर्व्हरमागे किती रिक्वेस्ट चालू आहेत, हे मेट्रिक घ्या. आकडा काढायला लिटलचा नियम पुरतो, जॉन लिटल यांनी तो १९६१ साली सिद्ध केला: एका वेळी आत असलेली कामं म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. सेकंदाला २०० रिक्वेस्ट, प्रत्येकीला ०.२५ सेकंद, तर एका वेळी ५० रिक्वेस्ट आत. एक सर्व्हर एका वेळी ८ नीट सांभाळत असेल आणि तुम्ही त्याला ६० टक्केच भरणार असाल, तर ५० भागिले ४.८, म्हणजे ११ सर्व्हर.

६० टक्केच का भरायचा, असं विचारतात. रांगेचं गणित सरळ रेषेत चालत नाही, म्हणून. अगदी साध्या प्रतिकृतीत सर्व्हर ५० टक्के भरला असताना रांगेतली वाट कामाच्या वेळेच्या १ पट असते. ८० टक्क्यांना ती ४ पट होते, ९० ला ९ पट. शेवटचे दहा टक्के वाचवायला गेलं की वाट बघणाऱ्याचा वेळ दुपटीहून जास्त होतो. शिवाय तीन झोनमध्ये, म्हणजे क्लाउडच्या वेगवेगळ्या डेटा सेंटरांत, सर्व्हर पसरले असतील आणि एक झोन गेला, तर उरलेल्यांवर दीडपट भार येतो. ती जागा आधीच राखलेली हवी.

आता दोन सापळे, दोन्हींत माझे बरेच दिवस गेलेत.

पहिला: नोडजेएससारखा, जावास्क्रिप्ट एकाच थ्रेडवर चालवणारा प्रोसेस चार व्हीसीपीयूच्या (आभासी सीपीयूच्या) मशीनवर एकटाच चालवला, तर तो पूर्ण दमला तरी मशीनचा सरासरी सीपीयू २५ टक्क्यांच्या आसपासच दिसतो. ६० चं टार्गेट कधीच येत नाही. एक तर प्रत्येक कोअरवर एक प्रोसेस चालवा, नाही तर लहान मशीन घ्या.

दुसरा सापळा बर्स्ट होणाऱ्या, म्हणजे साठवलेल्या क्रेडिटवर थोडा वेळ जास्त वेगाने धावणाऱ्या, मशीनचा, आणि हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो बाहेरून शांत दिसतो. एका छोट्या सेवेत आम्ही अशा मशीन घेतल्या होत्या. तक्रारी येत होत्या, पानं उघडायला बारा-पंधरा सेकंद लागत होते, आणि आलेख बघितला तर सीपीयू २० टक्क्यांवर सपाट. दोन दिवस आम्ही कोडमध्ये शोधत होतो. कारण होतं सीपीयू क्रेडिट. ॲमेझॉनच्या टी३ मीडियमचं उदाहरण घ्या: दोन व्हीसीपीयू, तासाला २४ क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे एक व्हीसीपीयू एक मिनिट पूर्ण ताकदीने. पायाभूत वेग २० टक्के. स्टँडर्ड मोडमध्ये क्रेडिट संपले की मशीन त्या २० टक्क्यांवर बांधली जाते. मग सीपीयू ६० ला जाणार कसा आणि ऑटोस्केलिंग जागं होणार कसं? त्यात टी३ला सुरुवातीचे फुकट क्रेडिटही नसतात, म्हणजे अशा मोडमध्ये मदतीला आलेली नवी मशीन रिकाम्या खिशानेच येते. टी३ मुळात अनलिमिटेड मोडमध्ये सुरू होतात, त्यात वेग बांधला जात नाही पण जास्तीच्या वापराचे पैसे लागतात. अशा मशीनवर ऑटोस्केलिंग लावायचंच असेल तर उरलेल्या क्रेडिटवर वेगळा अलार्म ठेवा. माझा सल्ला विचाराल तर सतत भार असलेल्या वेब सेवेला त्या घेऊच नका.

मेमरीवर स्केल करू नका, असंही मी जवळजवळ नेहमी सांगते. जावासारख्या रनटाइमने एकदा मेमरी घेतली की लोड उतरल्यावर ती परत देईलच असं नाही. सर्व्हर वाढतात, कमी कधीच होत नाहीत.

रांगेवर काम करणारे वर्कर

व्हिडिओचा फॉरमॅट बदलणं, पावत्या बनवणं, ईमेल पाठवणं, अशी कामं रांगेतून उचलणाऱ्या वर्करचा सीपीयू बघण्यात अर्थ नाही. रांगेत काम आहे तोवर तो भरलेलाच असणार. रांगेची लांबी बघावी, पण नुसती लांबीही फसवते: ९०० कामं तीन वर्करला डोंगर आहेत आणि नव्वद वर्करला दहा-दहा. म्हणून दर वर्करमागे किती कामं, हे मेट्रिक घ्या.

लक्ष्य कसं काढायचं? एका कामाला ४ सेकंद लागतात आणि कुणाचंही काम २ मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये, असं ठरलंय. १२० भागिले ४, म्हणजे वर्करमागे ३० कामं. पण इथेही घड्याळ आठवा. नवा वर्कर सुरू व्हायला ४० सेकंद लागत असतील तर हातात १२० नाही, ८० सेकंद आहेत, आणि लक्ष्य २०. रांगेत ९०० कामं असतील तर पहिल्या हिशोबाने ३० वर्कर, दुसऱ्याने ४५. हा पंधरा वर्करचा फरक वचन पाळण्याचा आणि मोडण्याचा आहे.

सगळी कामं सारख्या आकाराची नसतील, काही २ सेकंदांची आणि काही १० मिनिटांची, तर सरासरीवर विसंबू नका. रांगा वेगळ्या करा. त्या जमत नसतील तर रांगेतल्या सगळ्यात जुन्या कामाचं वय बघा, ते खोटं बोलत नाही.

काफ्का (रांग पार्टिशन नावाच्या भागांत वाटून ठेवणारी प्रणाली) वापरत असाल तर एक मर्यादा पक्की असते: एका कन्झ्युमर ग्रुपमध्ये, म्हणजे मिळून वाचणाऱ्या वर्करच्या गटात, एका पार्टिशनला एकच कन्झ्युमर. १२ पार्टिशन असतील तर तेरावा वर्कर नुसता बसून राहतो. कमाल संख्या पार्टिशनच्या संख्येइतकी ठेवा. शिवाय वर्कर आला-गेला की पार्टिशनची फेरवाटणी होते आणि तेवढा वेळ कामात खंड पडू शकतो, म्हणून इथे वर-खाली फार वेळा होऊ देऊ नका.

वर्कर कमी करताना जीव सांभाळून. हातातलं काम अर्धं असताना मशीन बंद झाली तर ते काम पुन्हा रांगेत आलं पाहिजे आणि दोनदा झालं तरी नुकसान होता कामा नये. बंद होण्याचा सिग्नल आला की नवं काम उचलणं थांबवा, हातातलं संपवा, मग बाहेर पडा. ही शिस्त असेल तर वर्कर हे स्पॉट मशीनसाठी, म्हणजे क्लाउड कधीही परत घेऊ शकतं अशा स्वस्त मशीनसाठी, आदर्श गिऱ्हाईक. ॲमेझॉन स्पॉट परत घेताना २ मिनिटांची सूचना देतं, गूगल आणि ॲझ्युअरवर साधारण ३० सेकंद मिळतात. तुमचं एक काम त्या वेळात बसत नसेल तर मध्ये मध्ये प्रगती साठवा, किंवा तेवढ्या कामाला नेहमीच्या मशीन द्या.

उघडी कनेक्शन्स धरून बसणारे सर्व्हर

चॅट, सामन्याचे थेट गुण, सूचना, वेबसॉकेट (दोन्ही बाजूंनी बोलता येणारं उघडं कनेक्शन). यांच्याबद्दल लिहिलेलं फार कमी सापडतं. नवा सर्व्हर आला तरी जुन्यावरची कनेक्शन्स त्याच्याकडे आपोआप जात नाहीत. जुने तुडुंब, नवा रिकामा, आणि सरासरी मात्र छान. म्हणून इथे सरासरीऐवजी सगळ्यात भरलेल्या सर्व्हरची कनेक्शन संख्या बघा आणि टार्गेट बरंच खाली ठेवा.

कमी करताना दहा हजार कनेक्शन्स एकदम तुटली तर ते दहा हजार जण त्याच सेकंदाला पुन्हा जोडायला धावतात आणि उरलेल्यांना आडवं करतात. क्लायंटमध्ये पुन्हा जोडण्याआधी यादृच्छिक विलंब हवाच, आणि सर्व्हरने बंद होताना कनेक्शन्स थोडी थोडी सोडावीत. हे दोन्ही झालेलं नसेल तर अशा सर्व्हरची संख्या आपोआप कमी करूच नका. फार तर रात्री ठरलेल्या वेळी, हाताने.

कुबरनेटिस: दोन मजली घर

कंटेनरकडे, म्हणजे ॲप्लिकेशन त्याच्या गरजांसह बांधलेल्या पेटीकडे, गेलात की ऑटोस्केलिंगचे दोन मजले होतात, आणि घोटाळे बहुधा जिन्यात होतात. वरच्या मजल्यावर पॉडची, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या एककांची, संख्या बदलणारा एचपीए (हॉरिझॉन्टल पॉड ऑटोस्केलर). खालच्या मजल्यावर नोड, म्हणजे खऱ्या मशीन, वाढवणारा क्लस्टर ऑटोस्केलर किंवा कार्पेंटर.

एचपीएचं सूत्र सोपं आहे: आत्ताचे पॉड गुणिले आत्ताचा आकडा भागिले लक्ष्य, आणि उत्तर वरच्या पूर्णांकाला. सहा पॉड, सरासरी ९० टक्के, लक्ष्य ६०, तर नऊ पॉड. फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर मूळ सेटिंगमध्ये तो काहीच करत नाही, म्हणून ६५ टक्क्यांवर पॉड का वाढले नाहीत याची काळजी करू नका. तो दर १५ सेकंदांनी बघतो आणि कमी करताना मागच्या ५ मिनिटांतला सगळ्यात मोठा सल्ला धरतो.

पण हे टक्के कशाचे? पॉडने आधीच मागून ठेवलेल्या सीपीयूचे, मशीनचे नव्हेत; या मागणीलाही रिक्वेस्टच म्हणतात. सीपीयू रिक्वेस्ट अंदाजाने १०० मिलीकोअर (एका कोअरचा दहावा भाग) लिहिली आणि ॲप्लिकेशनला निवांत असतानाही १५० लागत असतील, तर एचपीएला कायम १५० टक्के दिसतात आणि पॉड कमाल संख्येला जाऊन बसतात. म्हणून एचपीए लावण्याआधी आठवडाभर खरा वापर बघून रिक्वेस्ट दुरुस्त करा. व्हीपीए, म्हणजे पॉडची रिक्वेस्ट बदलणारा ऑटोस्केलर, फक्त शिफारस देण्याच्या मोडमध्ये चालवला तर हा आकडा तोच सांगतो. दोघांना एकाच वेळी सीपीयूवर सोडू नका: एक संख्या बदलतो, दुसरा ज्यावर टक्के मोजले जातात तो पायाच बदलतो.

क्लस्टर ऑटोस्केलर सीपीयू बघतच नाही. जागा नाही म्हणून अडकलेले पॉड दिसले की तो नोड मागवतो. याचा अर्थ पॉड आधी अडकणार, मग मशीन येणार, आणि तुमचं घड्याळ तिथे काही मिनिटांनी लांबणार. ज्यांना हे परवडत नाही त्यांच्यासाठी मी एक युक्ती नेहमी वापरते: अगदी कमी प्राधान्याचे, काहीच न करणारे पॉड मुद्दाम चालवून जागा अडवून ठेवते. खरं काम आलं की शेड्यूलर (कुठला पॉड कुठल्या नोडवर बसवायचा ते ठरवणारा) त्यांना हुसकावून ती जागा लगेच देतो, आणि हुसकावलेल्यांसाठी मागून नवा नोड येत राहतो. एक रिकामा नोड पोसण्याचा खर्च आहे, पण पॉड काही सेकंदांत उभे राहतात.

रांगेवरच्या वर्करसाठी केडा, हा कुबरनेटिसला जोडायचा ऑटोस्केलर, घ्या. रांग रिकामी असताना तो पॉड शून्यावर आणतो, जे एचपीए मूळ सेटिंगमध्ये करत नाही. मुळात तो ३० सेकंदांनी रांग बघतो आणि शून्यावर जाण्याआधी ३०० सेकंद थांबतो. पहिलं काम येताच ते लगेच व्हायला हवं असेल तर शून्याचा मोह सोडा, एक पॉड जागा ठेवा.

डेटाबेस

याबद्दल मी ठाम आहे: लिहिणारा मुख्य डेटाबेस ऑटोस्केलिंगच्या वेब नियमांनी चालवायचा नाही. वाचनासाठी प्रती वाढवता येतात, पण नवी प्रत भरायला वेळ लागतो आणि ती थोडी मागे असू शकते, म्हणून ती शेड्यूलने किंवा खूप आधी वाढवा. मोठी मशीन घेणं हा बदल ठरवून, शांत वेळी करा. ॲमेझॉनच्या अरोरा सर्व्हरलेससारख्या डेटाबेस सेवा क्षमता स्वतः वर-खाली करतात, तिथे किमान क्षमता फार खाली ठेवू नका: मेमरी आकसली की कॅशेही आकसते आणि पुढच्या पुष्कळ क्वेरी डिस्कवर जातात.

डेटाबेसचा खरा संबंध वेगळाच आहे. तो तुमच्या वेब सर्व्हरची कमाल संख्या ठरवतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मुळात १०० कनेक्शन्स असतात, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. प्रत्येक वेब सर्व्हर १० कनेक्शन्सचा पूल उघडत असेल तर ९ सर्व्हरच बसतात. दहावा आला की चुका सुरू. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? नवी आवृत्ती चढवताना जुने आणि नवे सर्व्हर काही काळ एकत्र चालतात, तो आकडाही धरा. पीजीबाउन्सरसारखा, थोडी कनेक्शन्स अनेकांत वाटून देणारा पूलर मध्ये बसवून ही मर्यादा बरीच वाढवता येते, आणि वेब ऑटोस्केलिंगच्या आधी करायचं काम हेच आहे.

याच्याच शेजारचा एक धोका. हेल्थ चेकमध्ये डेटाबेसला क्वेरी मारू नका. डेटाबेस मंदावला की सगळेच सर्व्हर एकदम आजारी ठरतात, ऑटोस्केलिंग सगळ्यांना मारून नवे आणतं, नवे सुरू होताना पुन्हा कनेक्शन्स उघडतात, आणि आधीच दमलेला डेटाबेस आगीतून फुफाट्यात पडतो. सर्व्हर बदलण्यासाठीचा चेक फक्त एवढंच विचारणारा हवा: तू स्वतः जिवंत आहेस का?

सर्व्हरलेस आणि जीपीयू, थोडक्यात

सर्व्हरलेसमध्ये, म्हणजे सर्व्हर क्लाउडच सांभाळतं तिथे, पद्धत निवडायची नसते, मर्यादा निवडायच्या असतात. ॲमेझॉनच्या लॅम्डाचं एक एन्व्हायर्नमेंट (कोड चालण्याची जागा) नेहमीच्या पद्धतीत एका वेळी एकच रिक्वेस्ट घेतं आणि खात्याची मूळ मर्यादा एका रीजनला १००० समांतर रिक्वेस्टची असते. गूगलच्या क्लाउड रनचा एक इन्स्टन्स मुळात ८० पर्यंत घेतो. दोन्हीकडे कमाल मर्यादा वरच्या डेटाबेसच्या हिशोबाने लावा, आणि थंड सुरुवात चालणार नसेल तर काही इन्स्टन्स आधीच गरम ठेवा.

जीपीयूवर एआयचं मॉडेल चालवत असाल तर घड्याळ सगळ्यात लांब. काही गिगाबाइटची कंटेनर इमेज, त्यावर दहा-वीस गिगाबाइटचं मॉडेल, आणि मागितलेली मशीन त्या झोनमध्ये मिळेलच याची हमी नाही. एन्व्हिडियाच्या टूलमधली जीपीयू वापराची टक्केवारी म्हणजे किती वेळ निदान एक कर्नल (जीपीयूवरचा छोटा प्रोग्रॅम) चालू होतं, एवढंच. कार्ड अर्धं रिकामं असतानाही ती १०० दाखवू शकते. थांबलेल्या आणि चालू रिक्वेस्टची संख्या घ्या, किमान संख्या उदार ठेवा, मॉडेल नोडच्या डिस्कवर आधीच उतरवून ठेवा.

अंदाज बांधणारं स्केलिंग

ज्यांचं ट्रॅफिक रोज सारखं चढतं-उतरतं, त्यांना प्रेडिक्टिव्ह स्केलिंग खरंच उपयोगी पडतं. ॲमेझॉनवर त्याला निदान २४ तासांचा इतिहास लागतो, ते १४ दिवसांपर्यंतचा बघतं आणि पुढच्या ४८ तासांचा अंदाज काढतं. ते फक्त वाढवतं, कमी करत नाही, म्हणून त्याच्या जोडीला टार्गेट ट्रॅकिंग ठेवावंच लागतं. आधी दोन आठवडे फक्त अंदाज दाखवायच्या मोडमध्ये चालवा आणि अंदाजाची रेषा खऱ्या रेषेवर ठेवून बघा. सणासुदीची, निकालाची, सेलची गर्दी त्याला कळत नाही. ती तुमच्या कॅलेंडरमध्ये असते, तिथून शेड्यूलमध्ये घाला.

वाढवताना घाई, कमी करताना सबुरी

एक सर्व्हर जास्त चालला तर थोडे पैसे जातात. एक सर्व्हर कमी पडला तर माणसं अडतात. म्हणून दोन्ही दिशांना एकच वेग ठेवू नका. वाढवताना एकदम, कमी करताना एकेक, आणि मध्ये पंधरा मिनिटं. ॲमेझॉनचं टार्गेट ट्रॅकिंगही कमी करण्याआधी साधारण १५ मिनिटं खात्री करतं. सर्व्हर वाढले, सरासरी उतरली, लगेच कमी झाले, सरासरी चढली, पुन्हा वाढले, असा झोपाळा दिसला तर टार्गेटला हात लावण्याआधी गरम होण्याचा अवधी तपासा. नवे सर्व्हर अजून तयार नसताना त्यांचे आकडे सरासरीत धरले जात असतात.

जाणाऱ्या सर्व्हरला हातातलं संपवू द्या. ॲमेझॉनच्या लोड बॅलन्सरवर ही सवड मुळात ३०० सेकंद असते, कुबरनेटिसमध्ये पॉडला ३० सेकंद. तुमची सगळ्यात लांब रिक्वेस्ट ४५ सेकंदांची असेल तर ते ३० बदलायलाच हवेत.

लावून झाल्यावर एकदा मुद्दाम मोडून बघा. लोड टेस्टने पाच मिनिटांत तिप्पट भार द्या आणि घड्याळ पुन्हा मोजा. भर कामाच्या वेळी, सगळे जागे असताना, एक सर्व्हर हाताने बंद करा. कमाल संख्येवर पोचल्याचा अलार्म ठेवा. तो वाजला की ऑटोस्केलिंगच्या हातात काही उरलेलं नाही, आता माणसाची गरज आहे. क्लाउडच्या खात्यावरचा व्हीसीपीयू कोटाही बघा. तुमची कमाल ४० असेल आणि कोटा २४ मशीनचाच असेल तर तुमची खरी कमाल २४.

मी प्रत्येक सेवेच्या रनबुकच्या, म्हणजे ती सांभाळण्याच्या मार्गदर्शिकेच्या, पहिल्या पानावर पाच ओळी लिहिते: आधी काय संपतं, घड्याळ किती सेकंद, किमान किती आणि का, कमाल किती आणि ती कुणामुळे, शेवटची तालीम कोणत्या तारखेला झाली. त्या नोंदणीच्या सेवेचं पान आज असं आहे: वेब थ्रेड, २१० सेकंद, किमान ६ (तीन झोनमध्ये दोन-दोन), कमाल ३६ (डेटाबेसच्या पूलरमुळे), आणि नोंदणी उघडण्याच्या दिवशी ९:४० ला ३० सर्व्हरचं शेड्यूल. तालमीची तारीख दर तीन महिन्यांनी बदलते, आणि ती बदलली नाही की मी टीमला आठवण करते.